रस्ता बदलतो, रीत का बदलत नाही?

नाशिक शहरातील अशोकस्तंभापासून पश्चिमेकडे निघणारा गंगापूर रोड आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर ही ठिकाणे मागे टाकीत गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या दिशेने जातो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या रस्त्याने जेवढे बदल पाहिले, तेवढे महाराष्ट्रातील फार थोड्या रस्त्यांनी पाहिले असतील. १९६५ मध्ये गंगापूरचे मातीचे धरण पूर्ण झाले आणि शहराला पिण्याचे व शेतीला कालव्याचे पाणी मिळू लागले. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे के.टी.एच.एम. महाविद्यालय १९६९ मध्ये याच रस्त्यावर उभे राहिले आणि खेड्यापाड्यांतील मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. बांध आणि बागा यांच्या जागी हळूहळू गृहनिर्माण संस्था, रुग्णालये, शिकवणी वर्ग आणि मंगल कार्यालये आली. रस्त्याच्या धरणाकडील टोकाला १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाइनच्या द्राक्षांचे मळे डोलू लागले.

एवढा बदल पचविणाऱ्या या परिसरात काही गोष्टी मात्र जागच्या हललेल्या नाहीत. सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, पण सौदा गुंठ्यांत ठरतो. विवाहसोहळा विद्युतरोषणाईच्या लॉनवर होतो, निमंत्रण दूरध्वनीच्या पडद्यावर येते, तथापि स्थळ पाहताना पहिला प्रश्न जातीचाच असतो. उच्चशिक्षित कुटुंबातही पतिनिधनानंतर स्त्रीला हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, याविषयी घरातील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

असे का व्हावे? यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, लोक अज्ञानी असल्यामुळे बदल नाकारतात. परंतु गंगापूर रोडवर ज्ञानाचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणणार नाही. दुसरे उत्तर असे की, धर्माशी निगडित गोष्टी बदलत नाहीत. पण गुंठ्याला कोणता धर्म आहे? खरे कारण या दोहोंहून वेगळे असून गावपातळीवर काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना ते ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण अनेक योजनांचे यशापयश त्यावर अवलंबून असते.

संस्कृतीची असमान चाल

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाची एक उपयुक्त मांडणी केली. संस्कृतीची सर्व अंगे एकाच वेगाने बदलत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. अवजारे, यंत्रे, वाहने, बी-बियाणे अशी भौतिक अंगे लवकर बदलतात, तर कुटुंबव्यवस्था, रूढी, कायदे आणि श्रद्धा ही अंगे मागून येतात. या दोहोंमध्ये पडणाऱ्या अंतरास मराठीत सांस्कृतिक पश्चायन असे म्हणतात.

ही मांडणी बऱ्याच अंशी खरी असली तरी तेवढ्याने भागत नाही. मागे राहिलेले अंग आज ना उद्या आपोआप पुढे येईल, अशी एक समजूत तीतून निर्माण होते. प्रत्यक्षात काही रूढी पिढ्यानुपिढ्या मागेच राहतात, तर काही पाहता पाहता नाहीशा होतात. विधवांच्या केशवपनाची चाल गेली, कुंकू पुसण्याची मात्र राहिली. दोन्ही चाली एकाच प्रसंगाशी निगडित होत्या आणि दोन्हींना परंपरेचा आधार दिला जात होता. तेव्हा वेगातील फरक केवळ वस्तू आणि विचार यांच्यातील नसून तो आणखी कशावर तरी अवलंबून असला पाहिजे. तो कशावर, हे काही उदाहरणांवरून पाहता येईल.

मळा एकट्याचा, पंगत सर्वांची

पहिले उदाहरण गंगापूर रोडच्या शेजारचेच आहे. नाशिकचा द्राक्ष उत्पादक प्रयोगशीलतेसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या वाणांच्या जागी त्याने थॉमसन सीडलेस आणले, पुढे त्यातून निवडलेले वाण लावले. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील फळछाटणी असे वर्षाचे नवे वेळापत्रक त्याने अंगवळणी पाडले. ठिबक सिंचन स्वीकारले, क्षारयुक्त जमिनीत आणि अपुऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या डॉगरीज खुंटावर कलमे बांधली आणि औषधांच्या अंशाविषयीचे युरोपीय निकष सांभाळून माल परदेशी पाठविला. शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर अनेकांनी वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. २००८-०९ च्या सुमारास जागतिक मंदीमुळे वाइन उद्योगाची मागणी घटली, तेव्हा त्यांतील कित्येकांनी त्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची लागवड केली. थोडक्यात, पीक घेणे आणि सोडणे हे दोन्ही निर्णय या शेतकऱ्याने काही हंगामांत घेतले.

पिकाच्या बाबतीत एवढा चपळ असलेला हा समाज पेयाच्या बाबतीत मात्र सावध राहिला. २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, पर्यटक येऊ लागले, रोजगार निर्माण झाला. तरीही परिसरातील गावांत सणासुदीच्या ताटाशेजारी वाइनचा पेला आलेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा त्यास राज्यभर तीव्र विरोध झाला आणि त्याची अंमलबजावणी रखडली. हा विरोध योग्य होता की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. दारूमुळे संसार उद्ध्वस्त झालेल्या स्त्रियांना दारूबंदीची मागणी करण्याचे पुरेसे कारण आहे, हेही विसरता येत नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, तेच फळ पीक म्हणून सहज स्वीकारले गेले, पण पेय म्हणून अडखळले.

याचे कारण उघड आहे. मळ्यात कोणता वाण लावावा हा निर्णय एका कुटुंबाचा असतो. तो चुकला तर तोटा त्याच कुटुंबाचा आणि साधला तर नफाही त्याचाच. दोन-तीन हंगामांत फळ दिसते आणि शेजाऱ्याला ते पाहून शिकता येते. याउलट, पंगतीत काय वाढावे हे एकट्याच्या हाती नसते. पाहुणे, भाऊबंद, वडीलधारी मंडळी आणि शेजारी या सर्वांनी ते मान्य केले तरच ती पंगत होते. म्हणून पहिला नियम असा सांगता येईल : जी गोष्ट एकट्याला बदलता येते ती लवकर बदलते, आणि जी सर्वांनी मिळून धरलेली असते ती एकट्याने सोडता येत नाही.

१९५७ : दहा दिवसांत दोन सुधारणा

दुसरे उदाहरण शासकीय कर्मचाऱ्यांच्या रोजच्या परिचयाचे आहे. १९५७ मध्ये भारत सरकारने दहा दिवसांच्या अंतराने दोन मोठ्या सुधारणा अमलात आणल्या. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे शके १८७९ च्या चैत्र १ या दिवशी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींचा तिला आधार होता. त्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली. सोळा आणे किंवा चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले.

दोन्ही सुधारणा शास्त्रशुद्ध होत्या आणि दोन्हींच्या मागे एकच शासन होते. परिणाम मात्र परस्परविरुद्ध झाला. नाणे काही वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. शाळांतील पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे मागे पडले आणि १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्दही गळून गेला. राष्ट्रीय दिनदर्शिका राजपत्रावर छापली जाते, आकाशवाणीवर तिचा उच्चार होतो, परंतु आज राष्ट्रीय पंचांगाप्रमाणे कोणती तारीख आहे असे विचारल्यास सहसा कोणाला सांगता येत नाही.

हा फरक का पडला? जुनी नाणी टाकसाळीतून निघणे बंद झाले आणि दुकानदार, मजूर, तिकीट देणारा व घेणारा अशा सर्वांना एकाच तारखेपासून नव्या हिशेबाकडे वळावे लागले. आपण एकटेच बदलतो आहोत, ही भीती कोणालाच नव्हती. शिवाय आण्याचे जे काम होते ते पैशाने तंतोतंत उचलले. दिनदर्शिकेचे तसे झाले नाही. पगार, परीक्षा आणि न्यायालयाच्या तारखा यांसाठी इंग्रजी महिने होतेच. सण, उपवास आणि मुहूर्त यांसाठी तिथीचे पंचांग होते. नव्या दिनदर्शिकेला स्वतंत्र असे कामच उरले नव्हते. म्हणून दुसरा नियम असा : जुन्या गोष्टीचे काम नवी गोष्ट पार पाडत असेल तरच ती रुजते.

या दृष्टीने पाहिल्यास गुंठ्याचेही कोडे उलगडते. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मेट्रिक पद्धतीतील आर हा १०० चौरस मीटरचा, तर गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. दोन्ही मापे जवळजवळ सारखीच असल्याने तोंडातला शब्द बदलण्याची कोणाला गरज भासली नाही. सोन्याच्या बाबतीत तर शब्द तोच राहून आशय बदलला. मूळ तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण बोलण्यातला आजचा तोळा बहुधा दहा ग्रॅमचा असतो. ‘सोळा आणे खरे’ म्हणणाऱ्या तरुणाने आणा पाहिलेलाही नसतो. संस्कृतीत जे टिकलेले दिसते ते कित्येकदा केवळ नावाने टिकलेले असते, हे यावरून ध्यानात येईल. अशा नावांशी झगडण्यात शक्ती खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

चुलीचे काम कोणते?

रीत कोणते काम करते हे न पाहता तिच्यावर उपाय योजल्यास काय होते, याचे उदाहरण निर्धूर चुलीच्या मोहिमेत सापडते. चुलीच्या धुराने स्त्रियांचे डोळे व फुफ्फुसे खराब होतात, सरपणासाठी रानोमाळ फिरावे लागते आणि झाडे तुटतात, या विचाराने १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. लाखो चुली बसविल्या गेल्या. तथापि, कित्येक घरांतून त्या काही काळाने बाजूला पडल्या आणि २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला.

चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर याचा उलगडा होतो. बाजरीची भाकरी तव्यावर भाजल्यावर निखाऱ्यापुढे उभी करून फुगवावी लागते. त्यासाठी चुलीचे तोंड मोठे हवे, निखारा पुढे ओढता यायला हवा. वैलावर तेवढ्यात कालवण शिजते, मागाहून त्याच विस्तवावर अंघोळीचे पाणी तापते, पावसाळ्यात ओले कपडे वाळतात. लाकडे बारीक फोडून घालावी लागणारी, अरुंद तोंडाची चूल यांपैकी काही कामे करीत नव्हती. धुराड्याची दुरुस्ती कोणी करावयाची हेही ठरलेले नव्हते. आपल्या हट्टापायी कोणी धूर सोसत नव्हते. जुनी चूल पाच कामे करीत होती आणि नवी दोन.

२०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून स्वयंपाकाचा गॅस गरीब घरांपर्यंत पोहोचला. त्याने चहा आणि भाजी पटकन आपल्याकडे घेतली. भाकरी आणि अंघोळीचे पाणी मात्र अनेक ग्रामीण घरांत चुलीवरच राहिले, कारण सरपण पदरमोड न करता मिळते आणि सिलिंडर भरण्यास रोख पैसे लागतात. गंमत अशी की, शहरातील स्वयंपाकघरांतून चूल हद्दपार झाल्यावर गंगापूर रोडच्या परिसरात ‘चुलीवरची मिसळ’ खाण्यासाठी रविवारी रांगा लागू लागल्या. तिथे चूल ही हौस आहे. जिला ती रोज फुंकावी लागते तिच्यासाठी ती अजूनही कष्टाची बाब आहे. परंपरेचे कौतुक करताना तिचा भार कोण वाहतो, हा प्रश्न म्हणूनच नेहमी विचारला पाहिजे.

मंदिराचे दार आणि घरचा उंबरठा

आता सर्वांत कठीण अंगाकडे वळू. गोदावरीच्या पलीकडे पंचवटीत काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाड यांच्या प्रत्यक्ष संघटनेतून तेथे प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. काही वर्षे चाललेल्या या लढ्यानंतरही दार उघडले नाही आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९४७ च्या मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्याने, संविधानाच्या अनुच्छेद १७ ने आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे अधिनियमाने सार्वजनिक स्थळांवरील बंदी बेकायदा ठरविली. दार, पाणवठा, शाळा, उपाहारगृह या जागा सार्वजनिक असल्याने तेथे कायद्याचा हात पोहोचू शकला.

घराच्या उंबरठ्याआड मात्र तो हात सहसा पोहोचत नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. शिक्षण, स्थलांतर आणि उत्पन्न यांत एवढी वाढ होऊनही हा आकडा इतका लहान का, हे समजण्यासाठी विवाह आपल्या समाजात काय काम करतो हे पाहावे लागेल.

विवाहाने दोन व्यक्तींबरोबर दोन गोतावळेही जोडले जातात. रुग्णालयात रक्त लागले, पीक गेले, मुलाला शहरात खोली हवी झाली, बहिणीचे स्थळ पाहावयाचे झाले, म्हणजे माणूस प्रथम सोयऱ्याधायऱ्यांकडे धाव घेतो. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील मामेबहिणीशी विवाहाच्या प्रथेची चर्चा केली आहे. एकदा जुळलेली सोयरीक पुढच्या पिढीत पुन्हा बांधून घेण्याची ती रीत होती. ज्या समाजात विमा, पेन्शन आणि बँकेचे कर्ज थोड्यांनाच लाभले, तेथे सोयरीक हाच विमा होता. जातीबाहेर विवाह करणाऱ्या घराला हा विमा गमावण्याची भीती वाटते. धाकट्या भावंडांची लग्ने अडतील ही धास्ती वेगळीच.

यात आणखी एक गुंता आहे. पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्यांना मनातून मुलामुलींची निवड मान्य असते. परंतु आपण एकटेच असे विचार करतो आणि बाकी सर्व विरोधात आहेत, अशी प्रत्येकाची समजूत असते. शेजारच्या घरातही नेमके हेच घडत असते. कोणीच उघड बोलत नसल्याने ‘लोक काय म्हणतील’ यातील ‘लोक’ प्रत्यक्षात जितके कठोर असतात त्याहून अधिक कठोर भासतात.

काही ठिकाणी ही भीती काल्पनिक नसते. २०१३ मध्ये नाशिक शहरात आंतरजातीय विवाहाच्या रागातून घडलेल्या एका खुनामुळे जातपंचायतींची दहशत उघड्यावर आली. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नाशिकपासून जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केले. वाळीत टाकलेली कुटुंबे ठिकठिकाणी पुढे येऊन बोलू लागली. राज्य विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कायद्याचे मोल एवढ्यासाठी की, रूढी मोडणाऱ्या व्यक्तीला शिक्षा देण्याचा समूहाचा अधिकार त्याने काढून घेतला.

केशवपन गेले, कुंकू पुसणे का राहिले?

आता वैधव्याच्या चालींकडे पाहू. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता दिली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार देण्याची भूमिका घेतली. केशवपनाला बाहेरच्या माणसाचा हात लागत असे. ज्याच्या हातून ते घडावयाचे त्यानेच हात आखडता घेतला, सुशिक्षित घरांना त्याची लाज वाटू लागली, आणि मुळात ती चाल काही मोजक्या जातींपुरतीच होती. त्यामुळे ती हळूहळू संपली.

कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या चालींचे तसे नाही. त्यांना बाहेरचा माणूस लागत नाही, घरातील आणि भावकीतील बायकाच त्या पार पाडतात. त्या घडतात तो क्षणही असा असतो की, घरातील कोणी विचार करण्याच्या किंवा वाद घालण्याच्या स्थितीत नसतो. मृत्यू झालेला असतो, माणसे जमलेली असतात आणि ‘असेच करतात’ एवढ्या एका वाक्यावर सर्व काही उरकले जाते. येथे निर्णय असा कोणी घेतच नाही, आणि ज्याचा निर्णयच होत नाही त्याचा फेरविचार तरी कोण करणार?

ही कोंडी कशी फुटते याचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात असलेल्या हेरवाड गावाने दिले. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, तेथील ग्रामसभेने या चाली बंद करण्याचा ठराव केला. कोरोनाच्या साथीत अनेक तरुण स्त्रियांवर वैधव्य ओढवल्याची पार्श्वभूमी त्याला होती. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता गिरविण्याचे आवाहन सर्व ग्रामपंचायतींना केले.

या ठरावात दंडापेक्षा महत्त्वाचे असे काही होते. दुःखाच्या क्षणी घेता न येणारा निर्णय गावाने शांत डोक्याने आधीच घेऊन ठेवला. तो एका घराने न घेता सर्वांनी मिळून घेतल्यामुळे कोणत्याही एका सासूला किंवा दिराला ‘तुम्हीच का रीत मोडलीत?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ येऊ नये, अशी सोय झाली. प्रत्येकाला शेजाऱ्याचे मत हात वर झालेले दिसले. १९५७ च्या नाण्याप्रमाणे येथेही सर्वांनी एकाच दिवशी बदलावयाचे ठरविले.

चार प्रश्न

वरील विवेचनावरून, एखादी रीत बदलू पाहणाऱ्या कार्यकर्त्याने किंवा अधिकाऱ्याने आरंभी स्वतःस चार प्रश्न विचारावेत असे सुचविता येईल.

पहिला : ही रीत कोणते काम करते? ते काम दुसऱ्या मार्गाने होण्याची तरतूद केल्याशिवाय ती जाणार नाही. आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्याला शासनाचे ५० हजार रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान उपयोगी पडते, परंतु तुटलेल्या गोतावळ्याच्या जागी मित्रमंडळ, संस्था व अडीनडीला धावून येणारी माणसे उभी करणे हे त्याहून मोठे काम आहे.

दुसरा : ती एकट्याला सोडता येते काय? येत असेल तर एका शेतकऱ्याच्या मळ्यावरील प्रात्यक्षिक पुरेसे आहे. येत नसेल तर घरोघरी केलेला उपदेश वाया जातो. तेथे ग्रामसभा, महिला सभा, बचत गट अशी उघड चर्चेची जागा हवी.

तिसरा : ती केव्हा पाळली जाते? घाईच्या किंवा दुःखाच्या वेळी पाळली जात असेल तर तिच्याविषयीची चर्चा त्या वेळेच्या पुष्कळ आधी झाली पाहिजे. या कामी शिक्षक फार मोलाची मदत करू शकतात. वर्गातील मुले उद्याच्या लग्नघरातील आणि शोकघरातील माणसे आहेत.

चौथा : तिचा भार कोण वाहतो आणि ती टिकवावी असे कोण म्हणतो? हे दोघे वेगवेगळे असतील, तर ‘ही आमची संस्कृती’ या शब्दांमागे कोणाचा आवाज दडपला गेला आहे ते शोधले पाहिजे.

या चौथ्या प्रश्नातच काय बदलावे आणि काय राहू द्यावे याची कसोटी आहे. संस्कृतीने बदलास केलेला प्रत्येक विरोध मोडून काढावा असे मुळीच नाही. गुंठा, तोळा, तिथी, भाकरीची चव, जात्यावरची ओवी, जपून ठेवलेले गावरान बियाणे यांनी कोणाची मान खाली जात नाही. संविधानात १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१(क) मधील मूलभूत कर्तव्यांच्या यादीत ही कसोटी लागोपाठच्या दोन खंडांत सापडते. स्त्रियांच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे एक कर्तव्य, आणि आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे त्याच्याच पुढचे. दोन्ही कर्तव्ये एकाच नागरिकाची आहेत.

ठराव झाला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. इतिवृत्तात ठराव लिहिला जातो आणि परिपत्रक धारिकेत लागते. त्यांची खरी परीक्षा गावात एखाद्या घरी मृत्यू घडेल त्या दिवशी होते. त्या दिवशी सरपंच, ग्रामसेवक, शिक्षिका किंवा पंचायत सदस्य यांच्यापैकी कोणी तरी त्या घरी वेळेवर जाऊन, गावाने मिळून काय ठरविले आहे याची हलक्या आवाजात आठवण करून दिली पाहिजे. पुढे संक्रांतीला हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे पंचायतीच्या सदस्येने त्या स्त्रीच्या घरी स्वतः नेऊन दिले, तर दुसरे बोलावणे नेणाऱ्या शेजारणीला मागेपुढे पाहावे लागणार नाही.